बॉडी कॅमेरा कसा वापरायचा: बटण कधी दाबायचं, कधी बंद करायचं आणि फुटेजचं पुढे काय करायचं

पोलिसांनी अंगावर लावायच्या बॉडी कॅमेऱ्याच्या नियमांमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं डोक्यात राहील. कॅमेरा कधी चालू करायचा आणि कधी बंद, हे ज्याच्या छातीवर तो लावलाय त्याच्या त्या क्षणाच्या मर्जीवर सोडायचं नाही, ते आधी लिहून ठरवायचं आणि मग पाळायचं. किती मेगापिक्सेल, बॅटरी किती तास, कुठल्या कंपनीचा, हे सगळं त्याच्या नंतर.

हे नुसतं माझं मत नाही. २०१२ मधे कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो नावाच्या छोट्या शहरात वर्षभराचा एक प्रयोग सुरू झाला, काही शिफ्टना पोलिसांनी कॅमेरे लावायचे, काही शिफ्टना नाही, आणि कुठली शिफ्ट कशी हे रँडम ठरवलेलं. कॅमेरे नसलेल्या शिफ्टमधे बळाचा वापर होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली, आणि लोकांच्या तक्रारी दर हजार संपर्कांमागे ०.७ होत्या त्या ०.०७ वर आल्या. हे आकडे जगभर फिरले. मग २०१४ मधे अमेरिकेतल्याच फर्ग्युसन शहरात पोलिसांच्या गोळीने एक अठरा वर्षांचा मुलगा गेला, प्रत्यक्ष घटनेचा व्हिडिओच नव्हता, ज्याने त्याने आपापलं सांगितलं, आणि त्यानंतर कॅमेऱ्यांची मागणी प्रचंड वाढली. पण २०१७ मधे वॉशिंग्टन डीसीमधे दोन हजारांहून जास्त पोलिसांवर केलेला अभ्यास बाहेर आला आणि त्यात कॅमेरा असलेले आणि नसलेले ह्यांच्यात मोजता येईल असा फरकच दिसला नाही.

मग खरं काय? मला ह्याचं सगळ्यात पटणारं उत्तर सापडलं ते केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०१६ च्या कामात, त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे प्रयोग एकत्र ठेवून बघितले. जिथे पोलिसांनी नियम पाळला, म्हणजे भेट सुरू झाल्यापासून रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी कमी झाला. आणि जिथे कधी चालू करायचं ते स्वतःच्या मर्जीने ठरवलं तिथे कॅमेरा नसलेल्या शिफ्टच्या तुलनेत तो ७१ टक्क्यांनी जास्त निघाला. कॅमेरा तोच, पोलीसही तसेच, फरक फक्त बटणाच्या नियमाचा. म्हणून पुढे जे काही लिहिलंय ते सगळं ह्या बटणाभोवतीच फिरतं.

ड्युटीवर निघायच्या आधी

कॅमेरा डॉकमधून, म्हणजे चार्जिंगच्या आणि फुटेज उतरवायच्या स्टँडमधून, काढला की लगेच छातीवर लावून निघायचं नाही, आधी दोन मिनिटं द्या. बॅटरी पूर्ण भरलीये का, मेमरी रिकामी आहे का, काच पुसलीये का, आणि घड्याळ बरोबर आहे का. घड्याळाकडे कोणी बघत नाही आणि नंतर तेच नडतं, कारण कंट्रोल रूमच्या नोंदीत कॉल ९:४० चा आणि क्लिपवर ९:५२, मग ह्या बारा मिनिटांत तुम्ही काय करत होता ह्यावर कोर्टात अर्धा दिवस जातो, आणि कारण काय तर डॉकशी वेळ सिंक झाली नव्हती.

मग दहा सेकंदांची टेस्ट क्लिप काढा, त्यात नाव, बक्कल नंबर, तारीख, वेळ बोला आणि ती परत लावून आवाज ऐका. लाल दिवा लागतोय म्हणजे माइक चालतोय असं समजू नका.

कॅमेरा लावायचा छातीच्या मध्यावर, घट्ट, आणि लावून झाल्यावर एकदा सहकाऱ्याला समोर उभं करून चित्रात त्याचा चेहरा येतोय का ते बघा. खूप खाली लागला तर नुसती पँट आणि रस्ता येतो, खूप वर तिरका लागला तर आकाश. जॅकेट, रेनकोट, सीटबेल्ट, वॉकीटॉकीची वायर ह्यातलं काहीही काचेवर येऊ शकतं, त्यामुळे पावसात जॅकेट चढवलं की कॅमेरा काढून जॅकेटच्या वर लावायचा ही सवयच लावून घ्या. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच समजून घ्यायला पाहिजे, दोन्ही हात पुढे ताणून शस्त्र धरलं की छातीवरच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःचेच हात येतात, म्हणजे नेमक्या त्या सेकंदांना चित्र अर्धवट असणार. ही त्या यंत्राची मर्यादा आहे, कोणाची चलाखी नाही, पण ती आधीच माहीत असलेली बरी.

कॅमेरा तुमच्या नावावर दिलेलाच वापरा, दुसऱ्याचा घ्यावा लागला तर रजिस्टरला नोंद करून घ्या. बिघडलेला असेल तर निघायच्या आधी वरिष्ठांना सांगा आणि डायरीत लिहा. घटना होऊन गेल्यावर "साहेब तो बंद पडला होता" म्हणून काही उपयोग नसतो, खरं असलं तरी कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवावा तरी का.

चालू कधी करायचा

कॉलवर निघाल्यावर, तिथे पोचायच्या आधी. पोचून, दरवाजा वाजवून, दोन वाक्यं बोलून झाल्यावर नाही. गाडी थांबवताना इशारा केला तेव्हापासून, चौकशीसाठी कोणाला हटकलं तेव्हापासून, झडती, जप्ती, अटक, कोणाला गाडीतून नेणं, गर्दी पांगवणं, पाठलाग, आणि बळ वापरायची वेळ येऊ शकते असं वाटेल अशी कुठलीही परिस्थिती. साधी विचारपूस चाललीये आणि समोरच्याचा आवाज चढायला लागला की लगेच चालू. शंका असेल तर चालू. एवढा साधा नियम ठेवला की विचार करत बसावं लागत नाही, आणि खरी गडबड असते तेव्हा विचार करायला वेळ नसतोच.

पोचायच्या आधी का, ते मिनियापोलिसच्या २०१७ च्या घटनेतून समजतं. एका बाईंनी घरामागच्या गल्लीत कोणीतरी संकटात असल्यासारखं वाटतंय म्हणून स्वतःच पोलिसांना फोन केला होता, गाडी आली, त्या गाडीजवळ गेल्या आणि आतून गोळी सुटली, त्यात त्यांचा जीव गेला. गाडीत दोन पोलीस, दोघांच्या अंगावर कॅमेरे, आणि गोळी सुटली त्या क्षणी दोन्ही बंद. साधा कॉल आहे, बघून येऊ, असं वाटत असणार. त्यानंतर त्या खात्याने नियम कडक केला, कॉलला जाताना कॅमेरा चालू हवाच म्हणून. २०२० मधे लुईव्हिलमधे निदर्शनांच्या काळात एका हॉटेलवाल्याचा गोळीबारात मृत्यू झाला, तिथल्या पोलिसांचे कॅमेरे चालू नव्हते असं कळलं आणि महापौरांनी थेट पोलीस प्रमुखांनाच पदावरून काढलं. म्हणजे बंद कॅमेऱ्याची किंमत कुठपर्यंत जाऊ शकते ते बघा.

अपवाद एकच, बटणाला हात लावणं जिवावर बेतेल अशी वेळ. कोणी अंगावर धावून आलं तर आधी स्वतःला आणि आजूबाजूच्यांना वाचवा, सुरक्षित झालात की लगेच चालू करा आणि तोंडाने बोला की आत्तापर्यंत का चालू नव्हता. ह्यासाठी आता सेन्सर पण येतात, पिस्तूल होल्स्टरमधून निघालं किंवा गाडीचा वरचा दिवा लागला की आसपासचे कॅमेरे आपोआप चालू होतात, आणि ज्या खात्याला परवडतं त्यांनी ते घ्यावेतच असं माझं मत आहे, कारण घाबरलेल्या माणसाच्या बोटावर अवलंबून राहणं हा त्या माणसावरही अन्याय आहे.

बटण दाबायच्या आधीचे तीस सेकंद

बऱ्याच कॅमेऱ्यांत बफर असतो. कॅमेरा ऑन आहे पण रेकॉर्डिंग सुरू नाही अशा वेळी तो सतत मागचे काही सेकंद साठवत आणि पुसत राहतो, आणि बटण दाबलं की तो मागचा तुकडा क्लिपच्या सुरुवातीला जोडला जातो. अनेक मॉडेलमधे तो तीस सेकंदांचा असतो, आणि बहुतेक वेळा त्याला आवाज नसतो.

बाल्टिमोरमधे २०१७ च्या सुरुवातीला ह्याच तीस सेकंदांनी एक प्रकरण उघडं पाडलं. त्या क्लिपमधे आधी आवाज नाही. एक पोलीस घरांमागच्या कचऱ्यात वाकतो, हातातली पिशवी एका डब्यात घालून ठेवतो, दोन सहकारी जवळच उभे आहेत. मग तो चालत रस्त्यावर येतो आणि बटण दाबतो. इथून आवाज सुरू होतो. मी जरा इथे बघून येतो अशा अर्थाचं काहीतरी म्हणून तो परत त्याच जागी जातो, थोडं शोधल्यासारखं करतो आणि डबा उचलून नशेच्या गोळ्यांची पिशवी "सापडवतो". बफर आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की गोळ्या आधी खरंच सापडल्या होत्या आणि आपण ते फक्त कॅमेऱ्यासाठी परत करून दाखवलं, पण कोर्टाने २०१८ मधे त्याला पुरावा बनवल्याबद्दल दोषी धरलं, आणि दरम्यान तिथल्या सरकारी वकिलांना इतर कितीतरी खटले सोडून द्यावे लागले.

ह्यातून नियम निघतो तो अगदी सोपा. जे कॅमेऱ्याबाहेर सापडलं ते कॅमेऱ्याबाहेर सापडलं असंच लिहायचं, परत करून दाखवायचं नाही, कधीच नाही, हेतू चांगला असला तरी नाही. कॅमेरा उशिरा चालू झाला असेल तर "मुद्देमाल आधीच मिळाला आहे, आता रेकॉर्डिंग सुरू करतोय, कारण अमुक" हे तोंडाने सांगून पुढे जा. आणि खात्यांनी बफर बंद करायची परवानगी कोणालाही देऊ नये.

समोरच्याला काय सांगायचं

शक्य तितक्या लवकर आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं. एक वाक्य पाठ करून ठेवा: "माझा कॅमेरा चालू आहे, चित्र आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड होतंय." बस. ह्याच्यात धमकीचा सूर आणू नका, "कॅमेऱ्यात सगळं येतंय हां, बघून घेईन" असं म्हणालात तर सांगण्याचा सगळा हेतू मातीत. चित्रित होतंय हे कळल्यावर दोन्ही बाजूंनी जरा सांभाळून बोलावं, हा ह्याचा खरा उपयोग आहे. जिथे सांगत बसलो तर कोणाचा जीव जाईल तिथे अर्थातच आधी काम, पण नंतर सांगायचं राहून जाऊ देऊ नका. कॅमेरा लपवून तर कधीच वापरायचा नाही, तो बाहेर दिसला पाहिजे आणि दिवा झाकलेला नसावा.

रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याला जे कळत नाही ते बोलत चला. वास येत नाही, बाजूला उभ्या माणसाच्या हातात काय आहे ते येत नाही, अंधारात तुम्हाला दिसलं ते कॅमेऱ्याला दिसेलच असं नाही, कधी उलटंही होतं आणि तुम्हाला न दिसलेलं कॅमेऱ्यात स्वच्छ येतं. म्हणून "उजवीकडच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज येतोय, आत जातोय" एवढं बोललात तरी नंतर बघणाऱ्याला कळतं.

पण कॅमेऱ्यासाठी म्हणून बोलू नका, ही वेगळी गोष्ट आहे आणि घातक आहे. जो माणूस जमिनीवर पडलाय, ज्याचे हात तुमच्याच हातात आहेत त्याला "हात दे, विरोध करू नकोस" म्हणून ओरडत राहिलं की आवाजावरून वाटतं तो झुंजतोय. जानेवारी २०२३ मधे मेम्फिसमधे एका तरुणाला पोलिसांनी मारहाण केली आणि तीन दिवसांनी तो हॉस्पिटलमधे मरण पावला, त्या प्रकरणात बॉडी कॅमेऱ्यांमधे आरडाओरडा आणि हुकूम भरपूर ऐकू येतात, चित्र मात्र हलणारं, अंगाला अंग चिकटलेलं. नक्की काय केलं गेलं ते स्वच्छ दिसलं खांबावरच्या कॅमेऱ्यातून, आणि त्याला तर आवाजही नव्हता. त्यामुळे चौकशी करणाऱ्यांनीही एकाच बॉडी कॅमेऱ्यावर निकाल काढू नये, आजूबाजूचं सीसीटीव्ही, गाडीतला कॅमेरा, लोकांचे मोबाईल, सगळं मागवून एका टाइमलाइनवर ठेवून बघावं.

बंद कधी करायचा

घटना संपली, समोरचा माणूस निघून गेला किंवा तुम्ही निघालात, आणि आता काही होणार नाही असं नक्की झालं की बंद. बंद करायच्या आधी कारण बोला, "घटना संपली, रेकॉर्डिंग थांबवतोय". मधेच थांबवावं लागलं तर हे अजूनच महत्त्वाचं, आणि परत चालू केलं की पुन्हा बोला. कारण न बोलता तुटलेली क्लिप म्हणजे समोरच्या वकिलाला आयतं खाद्य.

म्यूट बटणाला सुद्धा हाच नियम लावा. मला वाटतं म्यूटचा मुद्दा नियम लिहिताना सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, बळ वापरून झाल्यावर दोन सहकारी बाजूला जातात, आवाज बंद करून काहीतरी बोलतात आणि परत येतात, आणि चित्र अखंड असल्यामुळे कागदोपत्री सगळं नियमात. गंभीर घटनेनंतर वरिष्ठ येऊन सांगेपर्यंत म्यूट नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं.

आता नाजूक जागा. कोणाच्या घरात त्याच्या परवानगीने जाताय, तक्रार घ्यायला वगैरे, तर विचारा की रेकॉर्ड केलेलं चालेल का, आणि नको म्हणाले तर तो नकार रेकॉर्ड करून बंद करा. वॉरंट घेऊन किंवा जिवाच्या धोक्यामुळे शिरताय तर मात्र चालूच ठेवायचा, तिथे विचारण्याचा प्रश्न नाही.

लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या बाईच्या बाबतीत निर्णय तिचा. आधी शांतपणे सांगा की कॅमेरा आहे, ठेवला तर काय फायदा, हे कोण बघू शकतं, आणि नको असेल तर बंद करतो. काही जणींना चेहरा नको असतो पण जबाब रेकॉर्ड झालेला हवा असतो, तेव्हा कॅमेरा दुसरीकडे वळवून नुसता आवाज घेता येतो. कपडे नीट नसतील, जखमा दिसत असतील, तर लेन्सवर हात ठेवा आणि तसं बोला. लहान मुलांच्या बाबतीतही तेच, आणि जास्तच काळजीने, कारण ते फुटेज पुढे वर्षानुवर्षं राहू शकतं आणि त्या मुलाला मोठेपणी त्याचा त्रास होऊ शकतो.

हॉस्पिटलमधे फक्त तुमच्या केसचा माणूस फ्रेममधे ठेवा, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा ह्याच्याशी काही संबंध नाही. वकील आणि अशील, डॉक्टर आणि पेशंट ह्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं नाही. खबरी आणि साध्या वेशातले सहकारी फ्रेममधे नकोत. कपडे उतरवून अंगझडती घ्यायची असेल तर चित्र नाही. आणि आपलीच माणसं चेंजिंग रूममधे, जेवताना, स्वच्छतागृहात, ह्यांना रेकॉर्ड करायचा अधिकार कोणालाच नाही, वरिष्ठांनाही नाही.

शांततेत चाललेल्या मोर्चाचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. नुसतं कोण कोण आलंय ते टिपून ठेवायला कॅमेरा वापरायचा नाही. पोलीस कारवाई करणार असतील किंवा कायदा मोडला जात असेल तेव्हा चालू करायचा, आणि कारवाई संपेपर्यंत बंद करायचा नाही. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरशी बॉडी कॅमेरे जोडण्यालाही माझा विरोध आहे. २०१९ मधे कॅलिफोर्नियाने तीन वर्षांसाठी त्यावर कायद्याने बंदी घातली होती, नंतर ती मुदत संपली. पण मुळात जो कॅमेरा पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवायला म्हणून लोकांनी स्वीकारला तो लोकांवरच नजर ठेवायला वळवला तर लोकांनी पुढे विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

शिफ्ट संपल्यावर

कॅमेरा डॉकमधे ठेवायचा, फुटेज आपोआप सर्व्हरवर चढतं. घरी न्यायचा नाही. आणि क्लिप स्वतःच्या मोबाईलवर घ्यायची नाही, स्क्रीनचं शूटिंगसुद्धा नाही, व्हॉट्सॅप ग्रुपवर तर अजिबात नाही, "मजेशीर आहे म्हणून फक्त आपल्यातल्यांना" असंही नाही. त्या क्लिपमधे कोणाच्या तरी आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस असतो, कोणी रडतंय, कोणी अर्धवट कपड्यांत दारात उभं आहे. एकदा बाहेर गेलं की परत येत नाही.

प्रत्येक क्लिपला टॅग लावायचा, केस नंबर आणि प्रकार, त्याच दिवशी. टॅग चुकला की काय होतं तर सिस्टिमला वाटतं हे बिनकामाचं आहे आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते आपोआप पुसलं जातं. ब्रिटनमधे पुरावा म्हणून न लागणारं फुटेज साधारण ३१ दिवसांत काढून टाकायची पद्धत आहे, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तसं फुटेज किमान ६० दिवस आणि बळाचा वापर, अटक किंवा तक्रार असलेलं किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलंय. म्हणजे अटकेच्या क्लिपला "इतर" असा टॅग पडला तर दोन महिन्यांत पुरावा गायब, आणि मग मुद्दाम केलं का चुकून झालं ह्याचं उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. कोर्टासाठी किंवा बाहेर द्यायला चेहरे धूसर करायचे असतील तर ते कॉपीवर. मूळ फाइलची हॅश काढून ठेवलेली असते, हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा, आतलं एक अक्षर जरी बदललं तरी नवी हॅश जुन्याशी जुळत नाही. भारतात नवीन साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूची जागाच आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग करून ते विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं आहे. हे दोन्ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तर हॅश, टॅग, वेळ ही कॉम्प्युटरवाल्यांची कटकट आहे असं समजून चालणार नाही, केस त्याच्यावर उभी राहते.

फुटेज कोणी कधी बघितलं, कोणी डाउनलोड केलं, ह्याचा ऑडिट लॉग असलाच पाहिजे आणि तो त्या पोलीस ठाण्यातल्या कोणालाही बदलता येऊ नये.

आधी रिपोर्ट का आधी फुटेज?

ह्यावर पोलीस खात्यांमधे जोरदार मतभेद आहेत. काही ठिकाणी रिपोर्ट लिहायच्या आधी क्लिप बघू देतात, म्हणतात तपशील चुकत नाहीत, आणि किरकोळ केसमधे ते ठीक आहे, गाडीचा नंबर किंवा वेळ बघून लिहिली तर बिघडत नाही. पण गोळीबार, गंभीर मारहाण, कोठडीतला मृत्यू अशा प्रकरणात आधी आठवतंय तसं लिहायचं, सही करायची, मग फुटेज बघायचं, आणि काही वेगळं दिसलं तर जुनं न खोडता वेगळी पुरवणी जोडायची. कारण त्या क्षणी तुम्हाला काय दिसलं आणि काय वाटलं हा एक पुरावा आहे आणि कॅमेऱ्यात काय आलं हा दुसरा. आधी क्लिप बघितली की डोक्यातली आठवण क्लिपप्रमाणे वळते, माणूस प्रामाणिक असला तरी वळते, आणि मग हाती उरतो एकच पुरावा. दोन्हीत थोडा फरक निघाला तर घाबरू नका, ताणाखाली माणसाला सगळं दिसत नाही हे चौकशी करणाऱ्यांना माहीत असतं आणि नसेल तर त्यांना ते शिकवायला पाहिजे.

अशा गंभीर घटनेत कॅमेरा त्या पोलिसाने स्वतः डॉकमधे ठेवायचा नाही, जागेवर आलेल्या वरिष्ठाने तो चालू स्थितीत ताब्यात घेऊन बंद करायचा, सील करायचा, आणि अपलोड दुसऱ्या कोणी करायचं. ह्यात पोलिसाचाही फायदा आहे, उद्या कोणी म्हणू शकत नाही की मधल्या वेळात तू काही केलंस.

वरिष्ठांसाठी

दर महिन्याला थोड्या क्लिप रँडम काढून बघा, एखाद्याच्या मागे लागून त्याच्या टोपीपासून भाषेपर्यंत चुका काढायला नाही. नाहीतर सगळे कॅमेऱ्याचा द्वेष करायला लागतात आणि बटण दाबायचं टाळतात. चांगलं काम दिसलं तर तीच क्लिप, परवानगी घेऊन, ट्रेनिंगला वापरा.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नसलेल्या क्लिप शोधा. कंट्रोल रूमची कॉलची यादी एका बाजूला आणि क्लिपची यादी दुसऱ्या बाजूला, आणि कुठल्या कॉलला क्लिपच नाही ते बघा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही, आणि नियम पाळला जातोय का ते ह्याच्याशिवाय कळत नाही. एकदा विसरला तर समजवा, परत परत त्याच माणसाचा कॅमेरा मोक्याच्या वेळी बंद असेल तर कारवाई करा आणि ती काय असेल हे नियमात आधीच लिहा. कोलोरॅडो राज्याने २०२० च्या कायद्यात ह्याच्याही पुढचं पाऊल टाकलं, कॅमेरा चालू असायला हवा होता आणि तो केला नाही किंवा फुटेजशी छेडछाड केली तर चौकशीत आणि कोर्टातल्या दाव्यात, त्या पोलिसावरचा फौजदारी खटला सोडून, असा अंदाज बांधता येतो की ते फुटेज असतं तर त्या पोलिसाची गैरवर्तणूक दिसली असती. मला हा नियम फार आवडतो, कारण कॅमेरा बंद ठेवण्यात काही फायदाच उरत नाही.

गंभीर घटनेचं फुटेज लोकांसमोर कधी आणायचं त्याचीही मुदत हवी. कोलोरॅडोच्या त्याच कायद्यात तक्रार आल्यापासून साधारण २१ दिवस आहेत, कॅलिफोर्नियात ४५, काही अपवाद सोडून. घरच्यांना आधी दाखवायचं, मग बाहेर. आणि फक्त पोलिसांची बाजू दिसेल एवढाच तुकडा द्यायचा असेल तर त्यापेक्षा थोडं थांबून पूर्ण द्या.

तुम्ही कॅमेऱ्यासमोर असाल तर

शांतपणे विचारू शकता, "कॅमेरा चालू आहे का?" उत्तर काय मिळालं ते लक्षात ठेवा, कारण कॅमेरा चालू असेल तर तुमचा प्रश्नही रेकॉर्ड झाला. हातवारे करत कॅमेऱ्याकडे झेपावू नका, पोलिसांना ते हल्ल्यासारखं वाटू शकतं.

घरी आलात की लगेच तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, बक्कल नंबर, किती पोलीस होते, हे लिहून काढा. फुटेज मागायचा अर्ज नंतर करू असं म्हणून थांबू नका, पुसायची मुदत तोपर्यंत संपते. पहिल्या आठवड्यातच लेखी द्या, आणि त्यात आधी "हे फुटेज जतन करा" असं लिहा, "मला द्या" हे त्याच्यानंतर, कारण द्यायचं का नाही ह्यावर महिनोन्‌महिने वाद चालू शकतो पण तेवढ्या काळात ते जिवंत राहिलं पाहिजे. एकाच पोलिसाचं मागू नका, तिथे हजर असलेल्या सगळ्यांचे कॅमेरे, गाडीतला कॅमेरा, ठाण्यातलं सीसीटीव्ही, आणि त्यासोबत ऑडिट लॉग आणि कंट्रोल रूमची कॉलची नोंद. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि उत्तरात "फुटेज उपलब्ध नाही" असं आलं तर ते का नाही, कॅमेरा बिघडल्याची नोंद कुठल्या तारखेला झाली आणि ती नोंद कोणी केली, हे पुढच्या अर्जात विचारा.